मोसमी वारे आणि समुद्राचा वरचा थर : गार कोण करतो, पाऊस की वारा?

धागाकर्ता : खोलपाणी

समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान केवळ सूर्याच्या हिशेबाने ठरत असते, तर विषुववृत्ताच्या उत्तरेकडचा अरबी समुद्र जुलै-ऑगस्टमध्ये सर्वांत उष्ण असायला हवा होता. प्रत्यक्षात तो मे महिन्यात ३० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो, जूनपासून उतरू लागतो आणि ऑगस्टपर्यंत सरासरी २ ते ३ अंशांनी गार होतो. ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा थोडा तापतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा खाली येतो. वर्षात दोन चढ आणि दोन उतार, हे वळण मोसमी वाऱ्यांच्या प्रदेशाबाहेरच्या समुद्रात सहसा दिसत नाही. गेले काही आठवडे मी महिनावार तापमानाचे नकाशे शेजारी-शेजारी ठेवून पाहत होतो. त्यातून जे उमगले ते येथे मांडतो आणि जे नीट जुळले नाही ते शेवटी विचारतो.

आधी उष्णतेचा साधा हिशेब करू. एक चौरस मीटर क्षेत्राखालचे एक मीटर जाडीचे समुद्राचे पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४० लाख जूल लागतात. पृष्ठभागाला दर चौरस मीटरमागे निव्वळ १०० वॉट मिळत असतील, तर दिवसभरात सुमारे ८६ लाख जूल जमा होतात. ही उष्णता २० मीटर जाडीच्या थरात वाटली गेली, तर तो थर दिवसाला ०.१ अंशाने, म्हणजे महिन्याला ३ अंशांनी तापतो. तीच उष्णता ५० मीटरांत वाटली, तर दिवसाला जेमतेम ०.०४ अंश वाढ होते. सूर्य तोच आणि उष्णताही तेवढीच, पण ती किती खोलवर वाटली जाते यावर पृष्ठभागाचे तापमान ठरते. ही वाटणी वारा करतो. वाऱ्याने घुसळल्यामुळे ज्या वरच्या थरात तापमान जवळजवळ एकसारखे असते, त्याला मिश्र थर म्हणतात. त्याच्या खाली तापमान झपाट्याने उतरणारा पट्टा म्हणजे थर्मोक्लाइन. पुढची सगळी चर्चा या दोन शब्दांभोवती फिरणार आहे.

जूनमध्ये पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळून विषुववृत्त ओलांडून येणारा आणि अरबी समुद्रावरून नैऋत्येकडून ईशान्येकडे वाहणारा जोरदार वाऱ्याचा पट्टा प्रस्थापित होतो. त्याचा गाभा जमिनीपासून साधारण एक ते दीड किलोमीटर उंचीवर असतो. १९६९ साली जॉन फिंडलेटर यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला फिंडलेटर जेट असेही म्हणतात. हा वारा समुद्राला तीन प्रकारे गार करतो. पहिला प्रकार बाष्पीभवनाचा. दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडून गेले, तर त्याबरोबर दर चौरस मीटरमागे सुमारे १४५ वॉट उष्णता निघून जाते. दुसरा प्रकार घुसळण्याचा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पाण्यावरचा ताण जवळजवळ चौपट होतो आणि घुसळण्यासाठी मिळणारी शक्ती त्याहूनही वेगाने वाढते, त्यामुळे थर्मोक्लाइनमधले गार पाणी ओढून वरच्या थरात मिसळले जाते.

तिसरा प्रकार मला सर्वांत विलक्षण वाटतो. पाणी वाऱ्याच्या दिशेने सरळ जात नाही. १८९३ ते १८९६ या काळात 'फ्राम' जहाजातून आर्क्टिकमध्ये फिरताना फ्रित्यॉफ नान्सेन यांना दिसले होते, की तरंगता बर्फ वाऱ्याच्या दिशेच्या उजवीकडे सरकतो. त्याचे गणित व्हॅग्न एकमन यांनी १९०५ मध्ये मांडले. पृथ्वीच्या परिवलनामुळे (स्वतःभोवती फिरण्यामुळे) उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेला वरचा थर एकूणात वाऱ्याच्या काटकोनात उजवीकडे सरकतो. सोमालिया आणि ओमानचे किनारे जवळजवळ नैऋत्य मोसमी वाऱ्याला समांतर आहेत, त्यामुळे वाऱ्याची उजवी बाजू म्हणजे खुला समुद्र. वरचे कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर जाते आणि रिकाम्या झालेल्या जागी खालचे गार पाणी वर येते. यालाच अपवेलिंग म्हणतात. १० अंश अक्षांशावर बऱ्यापैकी जोरदार मोसमी वारा धरून मी कागदावर हिशेब केला, तेव्हा किनाऱ्याच्या प्रत्येक मीटर लांबीमागे सेकंदाला सुमारे १० घनमीटर पाणी बाहेर जाते असे उत्तर आले. ते ५० किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातून भरून निघत असेल, तर खालचे पाणी दिवसाला साधारण १७ मीटर वर येते. आठवड्याभरात शंभर मीटर खोलीवरचे पाणी पृष्ठभागावर! सोमालियाच्या किनाऱ्याजवळ भर उन्हाळ्यात (म्हणजे उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात, आपल्या पावसाळ्याच्या महिन्यांत) पाणी कधीकधी २० अंशांच्याही खाली का जाते, ते या आकड्यावरून कळते.

या सगळ्यात एक विसंगती आहे आणि ती लक्षात घ्यायला हवी. पश्चिम अरबी समुद्र गार होत असतानाही वातावरणाकडून त्याला निव्वळ उष्णता मिळतच असते. तो गार होतो तो उष्णता हवेला दिल्यामुळे नव्हे, तर खालून गार पाणी येत राहिल्यामुळे आणि तापलेले पाणी प्रवाहांबरोबर निघून गेल्यामुळे.

आता माझा प्रश्न. बंगालच्या उपसागरावरूनही तेच मोसमी वारे वाहतात आणि तिथे ढग व पाऊस अरबी समुद्रापेक्षा जास्त असतो. तरीही तो संपूर्ण पावसाळाभर बहुतांश ठिकाणी २८ अंशांच्या वर राहतो. पावसाने समुद्र गार होत असेल, तर हे उलटे चित्र का?

---

वाटचुकार

मांडणी आवडली. परंतु पावसाची भूमिका आपण फारच बाजूला ठेवली आहे असे वाटते. पाऊस ढगातून, म्हणजे गार हवेतून येतो, आणि मोसमी पाऊस थोडाथोडका नसतो. इतके गार पाणी समुद्रावर पडल्यावर तापमान उतरणारच. शिवाय ढगांमुळे ऊनही कमी होते. या दोन गोष्टी पुरेशा असताना वारा आणि परिवलन यांच्यापर्यंत जाण्याची गरज आहे का?

---

उष्णमापी

@वाटचुकार, आपल्या दोन मुद्द्यांपैकी दुसरा बरोबर आहे. पहिला हिशेबात टिकत नाही, आणि तो मोडून पाहायला दोन मिनिटे पुरतात.

दिवसाला २० मिलिमीटर पाऊस पडला असे धरू. म्हणजे दर चौरस मीटरवर २० किलो पाणी. ते समुद्रापेक्षा ५ अंशांनी गार असेल, तर त्याला समुद्राच्या तापमानापर्यंत आणायला साधारण ४ लाख जूल लागतील. ते दिवसभरात वाटले तर ५ वॉटही होत नाहीत. बाष्पीभवनातून त्याच चौरस मीटरवरून याच्या कितीतरी पट उष्णता जात असते. म्हणजे पावसाच्या पाण्याचा गारवा हा वहीतला किरकोळ खर्च आहे.

ढगांचे तसे नाही. पावसाच्या जोरकस टप्प्यात समुद्रावर पडणाऱ्या उन्हात दर चौरस मीटरमागे १०० वॉटच्या घरात घट होऊ शकते, आणि धागाकर्त्यांनी दाखवल्याप्रमाणे एवढ्या फरकाने उथळ मिश्र थर पंधरवड्यात एका अंशापेक्षाही जास्त हलतो. मोसमी पाऊस सलग पडत नाही. जोराचे दिवस आणि खंडाचे दिवस असे त्याचे हेलकावे असतात. बंगालच्या उपसागराचे तापमान या हेलकाव्यांबरोबर एक ते दोन अंशांनी वर-खाली होते. खंडात आकाश निवळते, वारा पडतो आणि पाणी तापते. मग पाऊस परततो आणि ते उतरते. येथे समुद्र नुसता वातावरणाच्या मागे फरफटत जात नाही, कारण खंडात साठलेली उष्णता पुढच्या पावसाच्या टप्प्याला बाष्प पुरवते.

तेव्हा पावसाचे पाणी समुद्राला गार करते, हे विधान सोडून द्यावे असे मी सुचवतो. पाऊस जे करतो ते याच्या नेमके उलट आहे, पण त्याबद्दल जहाजावर गेलेल्या कोणी लिहिले तर बरे होईल.

---

गोडीखारी

जहाजावर गेले आहे, म्हणून लिहिते.

ऑगस्टमध्ये उपसागराच्या उत्तर भागात असताना आमच्या जहाजावरून दर काही तासांनी सीटीडी खाली सोडले जाई. सीटीडी म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि खोली मोजणारे उपकरण. त्याभोवती पाण्याचे नमुने घेणाऱ्या उभ्या बाटल्यांची चौकट असते आणि विंचवरच्या तारेने ते सगळे हळूहळू उतरवले जाते. उतरत असताना पडद्यावर दोन रेघा उमटत जातात, एक तापमानाची आणि एक क्षारतेची. अरबी समुद्रात मी पाहिलेल्या रेघा वरून काही दशक मीटर सरळ खाली जात आणि मग दोन्ही साधारण एकाच खोलीवर वळत. येथे मात्र क्षारतेची रेघ पृष्ठभागापासून दहा-बारा मीटरांतच झपकन बाजूला सरकली आणि तापमानाची रेघ मात्र तशीच सरळ खाली जात राहिली. पहिल्यांदा पाहताना मला संवेदक बिघडला असे वाटले आणि मी ते उपकरण पुन्हा एकदा उतरवायला लावले. दुसऱ्यांदाही तेच दिसले.

याचा अर्थ असा. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती यांसारख्या नद्या आणि थेट समुद्रावर पडणारा पाऊस मिळून उपसागरात गोड्या पाण्याची प्रचंड भर टाकतात. गोडे पाणी हलके असते, ते वर तरंगत राहते. वारा त्याला खाली ढकलून घुसळायला जातो, पण खालचे खारे पाणी जड असल्यामुळे त्याची शक्ती त्या सीमेवरच खर्ची पडते. मिश्र थर दहा-वीस मीटरांवर थांबतो. त्याच्या खाली, थर्मोक्लाइन सुरू होण्याआधी, कोमट पण खारट पाण्याचा एक थर उरतो. त्याला बॅरिअर लेयर म्हणतात, कारण तो खालच्या गार पाण्याला वर येऊ देत नाही. वाऱ्याने घुसळून वर आणलेच, तर या थरातले पाणी येते आणि तेही कोमटच असते, त्यामुळे पृष्ठभाग गार होत नाही. पश्चिम प्रशांत महासागरातल्या उष्ण पाण्याच्या विशाल कुंडातही असाच थर सापडतो.

१९९९ च्या पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात बॉबमेक्स नावाची मोठी निरीक्षण मोहीम झाली होती. त्या काळात एका ठिकाणी ठाण मांडून बसलेल्या जहाजाखालून गोड्या पाण्याचा एक लोंढा येऊन गेल्याची नोंद आहे. जहाज जागचे हलले नव्हते, तरी काही दिवसांत वरच्या थराची क्षारता ठळकपणे घसरली. नकाशात आपण नदीचे पाणी मुखाशी संपल्यासारखे दाखवतो, पण ते समुद्रात शेकडो किलोमीटर आपली ओळख टिकवून ठेवते.

हिवाळ्यात याहून गमतीचे दृश्य दिसते. नोव्हेंबरपासून उत्तर उपसागराचा पृष्ठभाग गार होऊ लागतो, पण वरचे पाणी गोडे असल्यामुळे गार होऊनही ते हलकेच राहते आणि बुडत नाही. मग खाली वीस-तीस मीटरांवर पृष्ठभागापेक्षा एक-दोन अंशांनी अधिक उष्ण पाणी सापडते. म्हणजे तापमानाची रेघ खाली जाताना आधी उजवीकडे झुकते आणि मग डावीकडे वळते.

---

खोलपाणी (धागाकर्ता)

@गोडीखारी, माझे न जुळलेले कोडे येथे सुटले, आभार. मी केवळ पृष्ठभागाचे नकाशे पाहत होतो आणि उत्तर दहा मीटर खाली होते.

याला एक दुवा जोडतो. १९८४ मध्ये सुलोचना गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की उष्णकटिबंधीय हिंदी महासागरावर उंच ढगांची व्यापक निर्मिती होण्याचा संभव पृष्ठभागाचे तापमान साधारण २८ अंशांच्या वर गेले की एकदम वाढतो. २००२ मध्ये शेणॉय, शंकर आणि शेट्ये यांनी दोन्ही समुद्रांच्या वरच्या थराचा उष्णतेचा ताळेबंद मांडला. त्याचा आशय असा, की अरबी समुद्र जोरदार वाऱ्यांमुळे आणि उष्णता खाली व दक्षिणेकडे वाहून नेणाऱ्या अभिसरणामुळे या उंबरठ्याच्या खाली उतरतो, तर उपसागर मंद वारे आणि गोड्या पाण्याचा थर यांच्या जोरावर वर राहतो. म्हणजे पाऊस पडतो, त्याने पाणी गोडे राहते, गोडे पाणी उष्ण राहते आणि उष्ण पाण्यावर पुन्हा पाऊस पडतो. एवढे सरळ वर्तुळ निसर्गात क्वचितच मिळते, म्हणून मी त्याकडे थोड्या संशयानेही पाहतो. पण दिशा पटण्यासारखी आहे.

---

नकाशावाचक

तापमानाबद्दल समाधान झाले. माझी अडचण प्रवाहांची आहे. वारा वर्षातून दोनदा उलटतो, तेव्हा प्रवाहही उलटणार, हे समजते. सोमालियाचा प्रवाह तसाच वागतो. परंतु भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो, आणि त्या वेळी तिथला वारा मंद असला तरी उत्तरेकडून येणारा असतो. म्हणजे प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध चालला आहे. हे कसे?

---

लाटविचार

@नकाशावाचक, हा प्रश्न धाग्याच्या गाभ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सोपी बाजू घेतो. सोमाली प्रवाह उन्हाळ्यात (येथेही जून ते सप्टेंबर या अर्थाने) ईशान्येकडे आणि हिवाळ्यात नैऋत्येकडे वाहतो. महासागरांच्या पश्चिम काठाने वाहणाऱ्या जगातल्या मोठ्या प्रवाहांपैकी इतक्या संपूर्णपणे दिशा बदलणारा दुसरा नाही. उन्हाळ्यात त्याचा वेग सेकंदाला २ मीटरच्या वर जातो, म्हणजे सुमारे ४ नॉट. ५ ते १० अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान त्याचा काही भाग किनारा सोडून वळतो आणि सुमारे ५०० किलोमीटर व्यासाचा घड्याळाच्या दिशेने फिरणारा एक भोवरा तयार होतो. त्याला ग्रेट व्हर्ल असे नाव आहे. किनाऱ्याजवळ वर आलेले गार पाणी या भोवऱ्याच्या कडेने दूर समुद्रात खेचले जाते. श्रीलंकेच्या दक्षिणेकडून उन्हाळ्यात पूर्वेकडे आणि हिवाळ्यात पश्चिमेकडे वाहणारे मोसमी प्रवाह हेही याच कुटुंबातले.

आता अवघड बाजू. समुद्र हा वाऱ्याला तिथल्या तिथे उत्तर देणारा पदार्थ नाही. एका ठिकाणी वाऱ्याने थर्मोक्लाइन वर किंवा खाली ढकलली, की तो बदल लाटेच्या रूपाने दूर जातो. ही लाट डोळ्यांना दिसणारी नव्हे. पृष्ठभागावर तिची उंची काही सेंटिमीटर, पण आत थर्मोक्लाइनवर तिचा परिणाम काही दशक मीटरांचा असतो. विषुववृत्तावर पूर्वेकडे आणि उत्तर गोलार्धात किनारा उजव्या हाताला ठेवून पुढे जाणाऱ्या अशा लाटांना केल्विन लाटा म्हणतात. त्यांचा वेग सेकंदाला साधारण अडीच मीटर, म्हणजे दिवसाला सुमारे २०० किलोमीटर असतो, त्यामुळे विषुववृत्तीय हिंदी महासागर त्या साधारण महिन्याभरात ओलांडतात.

हिंदी महासागराचे वैशिष्ट्य असे, की प्रशांत किंवा अटलांटिक महासागराप्रमाणे त्याच्या विषुववृत्तावर कायमचे पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे नसतात. दोन मोसमांच्या मधल्या काळात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तिथे पश्चिमेकडून वारे वाहतात आणि सेकंदाला एक मीटरच्या आसपास वेगाचा पूर्वगामी प्रवाह उसळतो. १९७३ मध्ये क्लाउस विर्टकी यांनी त्याचे वर्णन केले आणि आज तो विर्टकी जेट म्हणून ओळखला जातो. हा प्रवाह कोमट पाणी सुमात्राकडे नेऊन साठवतो आणि त्याबरोबर गेलेली केल्विन लाट सुमात्राच्या किनाऱ्यावर आदळून दोन्हीकडे फुटते. उत्तरेकडची शाखा म्यानमारच्या किनाऱ्याने वर चढते, उपसागराच्या माथ्यावरून वळते, भारताच्या पूर्व किनाऱ्याने खाली येते, श्रीलंकेला वळसा घालते आणि पश्चिम किनाऱ्याने वर सरकते. वाटेत उपसागरातल्या वाऱ्यांचीही भर तिच्यात पडते. हिवाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरचा प्रवाह उत्तरेकडे जातो तो या पाहुण्या लाटांमुळे. स्थानिक मंद वारा त्यांच्यापुढे दुबळा ठरतो.

हीच गोष्ट उन्हाळ्याआधी उलट्या अर्थाने घडते. भारताच्या नैऋत्य किनाऱ्यालगत थर्मोक्लाइन वर येऊ लागते ती मोसमी वारे जोर धरण्यापूर्वीच. केवळ स्थानिक वाऱ्याचे मोजमाप करणाऱ्याला हे अपवेलिंग कारणाविनाच सुरू झाले असे वाटेल.

---

वाटचुकार

पावसाबद्दलचा माझा समज मी मागे घेतो. मग आता असे विचारतो, की ही लाटांची वाट आणि गोड्या पाण्याची वाट एकच आहे का?

---

गोडीखारी

वाट जवळजवळ एक, पण चाल वेगळी. लाट दिवसाला दोनशे किलोमीटर जाते. पाणी स्वतः तेवढे धावत नाही, ते प्रवाहाच्या वेगाने रमतगमत जाते. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये भारताच्या पूर्व किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि पावसाळ्यात जमा झालेले गोडे पाणी घेऊन श्रीलंकेला वळसा घालतो. हिवाळी मोसमी प्रवाहाबरोबर त्यातले काही पाणी आग्नेय अरबी समुद्रात, लक्षद्वीपच्या परिसरात पोहोचते. त्याच सुमारास तिथे समुद्राची पातळी आजूबाजूपेक्षा काही सेंटिमीटर उंच असलेला एक फुगवटा तयार होतो, ज्याला लक्षद्वीप हाय म्हणतात. त्याखाली थर्मोक्लाइन खोल दबलेली असते. म्हणजे गार पाणी दूर, आणि वर हलक्या गोडसर पाण्याचे झाकण. एप्रिल-मेपर्यंत हा भाग ३० अंशांच्या वर जाऊन हिंदी महासागरातल्या सर्वांत उष्ण जागांपैकी एक होतो. मोसमी पाऊस सुरू होताना अनेकदा याच पट्ट्यात वातावरणातला एक भोवरा जन्म घेतो.

थोडक्यात, एका वर्षाच्या पावसाचे पाणी समुद्रातून फिरून पुढच्या वर्षीच्या पावसाच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहते. हे वाक्य लिहिताना मला स्वतःलाही मोह झाला, हे कबूल करते.

---

उष्णमापी

त्या मोहाला थोडा आवर घालतो. आग्नेय अरबी समुद्रातल्या त्या उष्ण कुंडाचे सगळे श्रेय गोड्या पाण्याला देता येत नाही. फेब्रुवारी ते मे या काळात तिथे आकाश निरभ्र असते आणि वारा पडलेला असतो. हिवाळ्यातल्या ईशान्येकडच्या वाऱ्यांना पश्चिम घाट आडवा येत असल्यामुळे त्यांच्या आडोशाला तो भाग आधीपासूनच शांत राहतो. मंद वारा म्हणजे कमी बाष्पीभवन आणि उथळ मिश्र थर, आणि मग धागाकर्त्यांचा दिवसाला ०.१ अंशाचा हिशेब आपोआप लागू होतो. संगणकीय प्रारूपांत क्षारतेचा परिणाम वगळून पाहिले, तरी तापण्याचा मोठा भाग शिल्लक राहतो असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. माझे मत असे, की तापवण्याचे काम मुख्यतः ऊन आणि शांत वारा करतात, आणि गोडे पाणी व खोल गेलेली थर्मोक्लाइन ती कमाई उधळू देत नाहीत.

जाता जाता उत्तर अरबी समुद्राचा उल्लेख हवा, कारण तिथे हिवाळ्यात याच्या नेमके उलट घडते. ईशान्येकडून येणारे कोरडे व गार वारे वरचे पाणी थंड आणि खारट करतात, ते जड होऊन बुडते आणि मिश्र थर शंभर मीटरच्या आसपास खोल जातो. धाग्याच्या सुरुवातीला आलेला दुसरा उतार तो हाच.

---

दक्षिणवारा

चर्चा भारताभोवतीच फिरते आहे, म्हणून इतर मोसमी समुद्रांची भर घालतो. दक्षिण चीन समुद्रात उन्हाळ्यातला नैऋत्य वारा व्हिएतनामच्या किनाऱ्याला समांतर वाहतो, त्यामुळे ११-१२ अंश उत्तर अक्षांशाजवळ गार पाणी वर येते आणि किनारा सोडून पूर्वेकडे जाणाऱ्या प्रवाहाबरोबर गार पाण्याची एक लांब जीभ समुद्रात पसरते. हिवाळ्यात तोच किनारा उत्तरेकडून येणाऱ्या थंड प्रवाहाची वाट बनतो.

दक्षिण गोलार्धात वळण्याची दिशा डावी असते, हे विसरता कामा नये. जावाच्या दक्षिण किनाऱ्यावर जून ते ऑक्टोबरमध्ये आग्नेयेकडून वारा येतो आणि त्याच्या डावीकडे खुला समुद्र असल्यामुळे तिथेही अपवेलिंग होते. काही वर्षी ते नेहमीपेक्षा फार बळावते आणि सुमात्रापर्यंत पसरते. हिंदी महासागराच्या पूर्व आणि पश्चिम बाजूंच्या तापमानातल्या, १९९९ मध्ये इंडियन ओशन डायपोल असे नामकरण झालेल्या हेलकाव्याची पूर्वेकडची बाजू ती हीच. बांदा समुद्रही या वाऱ्यांमुळे सुमारे ३ अंशांनी गार होतो.

गिनीच्या आखाताचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. एप्रिल ते ऑगस्टच्या दरम्यान विषुववृत्तावरचा तिथला समुद्र काही ठिकाणी ५ अंशांपर्यंत गार होतो. गार समुद्र आणि तापलेली जमीन यांच्यातला फरक वाढल्यामुळे दक्षिणेकडून येणारे वारे आणखी बळावतात आणि पावसाचा पट्टा किनाऱ्यावरून आत पश्चिम आफ्रिकेत सरकायला मदत होते. म्हणजे बंगालच्या उपसागरात समुद्र उष्ण राहून पावसाला साथ देतो आणि येथे तो गार होऊन देतो.

---

नकाशावाचक

एक व्यावहारिक शंका. पावसाळ्यात तर सगळीकडे ढग असतात. मग उपग्रहाला खालच्या पाण्याचे तापमान कसे दिसते?

---

लाटविचार

अवरक्त किरणांवर चालणाऱ्या उपकरणांना ते दिसतच नाही, आणि म्हणूनच जुन्या नकाशांत नेमक्या पावसाळ्यात मोठी भगदाडे असत. नोव्हेंबर १९९७ मध्ये सोडलेल्या ट्रिम उपग्रहावरच्या सूक्ष्मलहरी उपकरणाने उष्णकटिबंधात ढगांखालचे तापमान दाखवायला सुरुवात केली. उपसागराचे ते हेलकावे तेव्हापासून स्पष्ट दिसू लागले. मुसळधार पावसात मात्र तेही आंधळे होते. खोलीतल्या मोजमापासाठी आर्गोचे स्वयंचलित तरंगक आहेत. ते साधारण १,००० मीटरवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरतात आणि वर येताना तापमान व क्षारता नोंदवून उपग्रहाला कळवतात. दहा दिवसांचे अंतर पावसाच्या हेलकाव्यांसाठी फार विरळ पडते, आणि @गोडीखारी यांनी सांगितलेल्या पहिल्या दहा मीटरांतली उडी त्यांच्या जुन्या नोंदींत बऱ्याचदा निसटते. तिथे नांगरलेल्या बोयांना आणि जहाजांना पर्याय नाही.

---

खोलपाणी (धागाकर्ता)

@उष्णमापी यांची दुरुस्ती मान्य. मूळ लेखात मी सारा अरबी समुद्र एकाच मापाने मोजला, तीही चूक होती. फिंडलेटर जेटच्या डाव्या बाजूला पाणी वर येते, तर उजव्या बाजूला, मध्य अरबी समुद्रात, एकमनच्या नियमाने वरचे पाणी एकत्र लोटले जाऊन खाली दाबले जाते. तिथे मिश्र थर जाड होतो तो केवळ घुसळण्याने नव्हे. गार होण्याची कारणे दोन्हीकडे वेगळी आहेत, नकाशावर मात्र रंग सारखाच दिसतो. आता मी महिनावार तापमानाच्या नकाशांशेजारी क्षारतेचे आणि मिश्र थराच्या जाडीचे नकाशे मांडतो आहे. ऑगस्टपासून सुरुवात केली आहे. उपसागराच्या माथ्यावर दहा मीटरांचा आणि मध्य अरबी समुद्रात सत्तर-ऐंशी मीटरांचा आकडा एकाच कागदावर, जवळजवळ एकाच अक्षांशावर आलेला पाहून मी तो दोनदा तपासला.